कांदा राहू दे, पहिला आठवडा सांभाळा

उन्हात काम करणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी, या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. माझी आजीही तेच सांगायची, पण खिशातला कांदा काही करत नाही. कच्चा खाल्ला तर निदान भाकरी तरी गोड लागते. डोक्याला पांढरं मुंडासं आणि तासाला दोन-तीनदा पाणी, हे तिथलंच सांगणं मात्र पटलं. राहिलंय ते एवढंच, की ऊन सगळ्यात जास्त बाधतं नव्या गड्याला. अंगाला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच उन्हातलं काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं.

सुट्टीवरनं आलेल्याचंही तेच. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला स्लॅबचं काम होतं, एप्रिलमधलं. आमचा जुना गडी लगीनसराईत दहा दिवस घरी सावलीत बसून आला आणि पहिल्याच दुपारी सळ्या बांधता बांधता बरळायला लागला. आम्हाला वाटलं, रात्रीची उतरली नाही. हात लावला तर अंग तव्यासारखं! अंगावर घालायला सिमेंटची रिकामी पोती नको, कापड भिजवा म्हणून मीच ओरडलो. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहिलो, वारा घातला आणि टेम्पोतनं थेट दवाखाना. तोंडात पाणी घातलं नाही, शुद्ध हरपलेल्याला ठसका लागतो. गडी वाचला. खिशात कांदा होता का, ते बघायचं राहिलं.