चार सायकली आहेत, एकच ठेवायचीय. कुठली?

कोथरूडी_चाक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नवीन फ्लॅटमध्ये जातोय, तिसरा मजला, लिफ्ट एवढीशी, पार्किंगला सायकल लावलेली सोसायटीत चालत नाही म्हणे. माझ्याकडे रोडबाईक (२५ मिमीचे टायर, चेनच्या चकत्यांचे दात पुढे ५०-३४, मागे ११-२८), जुनी २६ इंची एमटीबी (डोंगरी सायकल), हायब्रिड (या दोन्हींच्या मधली, ७०० मापाची चाकं, ३२ मिमीचे टायर, पुढे ४८-३८-२८, मागे ११-३२) आणि बाबांची काळी ॲटलस. बायको म्हणते एक ठेव, बाकीच्यांचं काहीही कर. तिचंही चुकत नाही म्हणा, ड्रॉवरभर ट्यूबा, तीन तऱ्हेचे व्हॉल्व्ह, आणि सकाळी घाईत हाताला लागतो तो पंप नेमका दुसऱ्याच सायकलचा. वापर म्हणाल तर ऑफिसला जाऊन-येऊन २२ किमी, रविवारी सिंहगड नाहीतर बोपदेव घाट, डिसेंबरात कोकण आणि यंदा २०० किमीची बीआरएम (ठरल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) करायचीय. मन रोडबाईककडे ओढतंय.

घाटवेडा
रोडबाईक विकून टाक. पुढच्या ३४ दातांना मागे २८ म्हणजे पेडलची एक फेरी मारलीस की चाक सव्वा फेरी फिरतं, हायब्रिडवर २८ ला ३२, चाकाची एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. रिकामा असताना फरक कळणार नाही, पण कोकणातून परत येताना निजामपूरकडून ताम्हिणी, मागे दोन पिशव्या, डोक्यावर अकराचं ऊन, तेव्हा बोलू. आणि २०० ला साडेतेरा तास असतात रे, चहा-मिसळ-पंक्चर धरून ताशी १५ सुद्धा पडत नाही, त्यासाठी २५ चे टायर कशाला? कॅरियर लावायला रोडबाईकला भोकं तरी आहेत का बघ.

चेनऑइल
हायब्रिडवर ३०० केली होती मी, सरळ हँडल धरून धरून करंगळ्या दोन दिवस बधिर, शर्टाचं बटण लागेना. बार एंड (हँडलच्या टोकांना लावायचे शिंगांसारखे दांडे, पकड बदलायला) तरी लाव. मी म्हणतो रोडची चाकं काढून हायब्रिडलाच बसव ना, दोन्ही ७०० च, रविवारी ती आणि एरवी जाडी.

पान्ना_दहा
@चेनऑइल नाही हो, रिमचं माप एकच (६२२ मिमी) पण मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी वेगळी. साध्या ब्रेकच्या रोडबाईकला १३० मिमी, हायब्रिडला १३५. पाच मिमीची फट राहते, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम आवळून जुळवायला गेलात तर फ्रेमच जायची. चाकं तीच ठेवा, टायर बदला, गुळगुळीत ३२ घाला, पुरे. कोकणासाठी ३८ घालायचे असतील तर आधी आत्ताच्या टायर आणि फ्रेमच्या मधे मागच्या बाजूला ॲलन की (षटकोनी पान्हा) घालून बघा. ३८ आले की दोन्हीकडची फट तीन-तीन मिमीनं कमी होणार, म्हणजे निदान ८ मिमीची सहज गेली पाहिजे. मडगार्ड लावणार असाल तर विसराच.

सदाशिवपेठी काका
सगळं बरोबर आहे मुलांनो, पण ॲटलस यात कशाला मोजलीत? तिचं गिऱ्हाईक कोण, तर भंगारवाला, आणि तो किलोवर घेणार. आम्ही व्हॉल्व्हट्यूब (व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) खिशात घेऊन फिरायचो, एक इंच तुकडा थुंकी लावून चढवला की झालं काम. एमटीबी कुणा पोराला देऊन टाका, तिचा जीव उगाच अडकवू नका.

कोथरूडी_चाक
सगळ्यांचे आभार. काल ॲलन की घालून बघितली, ८ ची नाही गेली, ६ ची गेली, म्हणजे ३५ पर्यंतच. चालेल. हायब्रिड राहतेय, बार एंड मागवले, एमटीबी भाच्यानं तोंडातून शब्द पडायच्या आत नेली. रोडबाईकचा फोटो काढायला तीनदा खाली नेली आणि तीनदा एक चक्कर मारून वर आणली, पण रविवारपर्यंत जाहिरात टाकतो, फ्रेमची साइझ ५४, कुणाला हवी असेल तर सांगा. ॲटलसचं आईला फोनवर विचारलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली कराडला पाठव, अंगणात जागा आहे. टेंपोनं जाणार आहे, चेनकव्हर चेपू नये म्हणून काय गुंडाळू, गोणपाट का जुनी चादर?