सलाईनने कळा आणल्या, तरी वेदनाशामक नको? हट्ट की शहाणपण?

रानजाई
माझ्या मैत्रिणीची शुगर वाढलीय, म्हणून ३९ व्या आठवड्यात औषधाने कळा सुरू करायचं ठरलंय. मी सहज बोलून गेले की माझ्याही तशाच आणल्या होत्या आणि मी कमरेतलं इंजेक्शन न घेता बाळंत झाले. तिथे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "शूर गं बाई!" तिची जाऊ म्हणाली, "वेडी आहेस का?" मला दोन्ही पटलं नाही, म्हणून हा धागा.

माझे ४१ आठवडे उलटले होते. संध्याकाळी पिशवीचं तोंड मऊ करायचं जेल ठेवलं, रात्रभर पाळीसारखं दुखत राहिलं. सकाळी पिशवीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडलेलं. मग पाणमोट फोडली आणि सातला कळांच्या औषधाचं सलाईन लावलं. आपसूक येणाऱ्या कळा मृगाच्या पावसासारख्या असतात म्हणे, आधी शिंतोडे, मग सर. सलाईनच्या कळा म्हणजे धरणाचं दार उघडल्यासारख्या. दर अर्ध्या तासाने सिस्टर येऊन थेंब वाढवायची आणि तिची चप्पल वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा.

निभावलं ते दोन गोष्टींमुळे. एक, बाळाच्या ठोक्यांचा पट्टा पोटाला बांधलेला असूनही मला पलंगाशेजारी उभं राहू दिलं. दोन, नवरा आत होता. कळ आली की तो माकडहाडावर मूठ रोवून दाबायचा. मी पलंगाचा दांडा धरून लांबलचक 'ऊऽऽ' काढायचे. किंचाळलं की अंग आवळतं, खालच्या सुरात घुमलं की सैल पडतं, हे मला तिथेच कळलं. चौथ्या श्वासाला उतार लागतो हेही. मग पुढच्या कळेपर्यंत ओल्या फडक्यासारखं लोळायचं. शेवटी "आता सिझर करा" म्हणून रडले, तर सिस्टर हसली, "असं म्हणायला लागली की बाळ आलंच." दुपारी पावणेचारला लेक झाली.

माझं मत इतकंच: औषधाच्या कळा म्हणजे इंजेक्शन घ्यावंच लागतं, असं नाही.

कडूलिंब
नवऱ्याने कंबर दाबली म्हणे! आमच्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात नवरा पायरीवर बसून होता. आत तीन पलंग, पाच बायका. सलाईन लावून उताणं निजवलं, कुशीवर वळले तर आया ओरडली. आणि ते नेहमीचं, "तेव्हा नाही दुखलं का?" मीही वेदनाशामक न घेता बाळंत झाले की. मला कुणी शूर म्हटलं नाही, कारण तिथे सगळ्याच तशा होतात. आधी 'घेऊ की नको' विचारण्याइतकी सोय तर होऊ दे, मग चर्चा करू.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. आपसूक कळांपेक्षा औषधाच्या कळा जास्त दुखू शकतात, हे बाईला आधी सांगा, असं ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शक सूचनाच म्हणतात. आपल्याकडे ते किती जणी ऐकतात? उलट 'कमरेत सुई टोचली की जन्माची पाठदुखी' आणि 'एपिड्यूरल (तेच कमरेतलं इंजेक्शन) घेतलं की सिझर ठरलेलं' हे मात्र सगळ्यांना पाठ. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात यातलं काहीच टिकलं नाही. बाळ ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत वाढलेलं दिसतं, पण २००५ नंतरच्या अभ्यासांत तो फरकही उरत नाही. तोटे आहेत: बीपी उतरतं, पाय जड होतात, क्वचित डोकं दुखतं. पण दात काढताना भूल घेणाऱ्याला आपण भित्रा म्हणत नाही.

रानजाई
डॉक्टर, दाताची उपमा चुकली. दात काढताना मला काही करायचं नसतं, नुसता आ वासायचा. इथे कुठे जोर लावायचा, कधी कूस बदलायची हे मला आतून कळत होतं आणि ते मला हवं होतं. कडूलिंब, तुमच्यापुढे मात्र मी निरुत्तर आहे.

माईआजी
आमच्या वेळी सुईण यायची, दोन तासांत मोकळं. हल्लीच्या मुलींना सोसतच नाही.

टिचभर
माईआजी, तुम्हाला सलाईन लावून चौदा तास ठेवलं होतं का? मला ठेवलं होतं. गर्भसंस्काराच्या वर्गात शिकवलेले सगळे श्वास घेऊन झाले, चेंडूवर डुलून झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. तोंड पाच सेंटीमीटरवर अडलेलं. कळेमागून कळ, मध्ये श्वास घ्यायला फट नाही. शेवटी एपिड्यूरल घेतलं, दोन तास मेल्यासारखी झोपले आणि उठले तेव्हा पूर्ण उघडलं होतं. त्या झोपेनेच मला सिझरपासून वाचवलं असं मला वाटतं, पुरावा काही नाही. पण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात 'नैसर्गिक झालं का?' विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले, 'हो' म्हटलं. रानजाईताई, तुमचा धागा वाचून ते आठवलं आणि राग आला. तुमचा नव्हे, पण आला.

पांढरी_चप्पल
मी लेबर रूमची सिस्टर, वीस वर्षं. (ती चप्पल आमचीच.) टिचभर म्हणते ती 'फट नाही' ही गोष्ट सोसायची नसते, सांगायची असते. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा म्हणजे थेंब जास्त झाले. सलाईन कमी केलं किंवा थांबवलं की थोड्याच वेळात जोर ओसरतो, ते औषध रक्तात फार टिकत नाही. वेदनाशामक नको म्हणणाऱ्या बाईने तर हे आम्हाला नक्की विचारावं. बाकी: दर दोन तासांनी लघवीला जा, भरल्या मूत्राशयाने कळ जास्त टोचते. उताणं निजू नका, डाव्या कुशीवर वळा. आणि कडूलिंब, लेबर रूम सुधारण्याच्या केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सोबतीला एक बाई आत असावी असं आहे. आमच्याकडे पलंगांमध्ये पडदे आल्यावरच ते जमलं, हेही खरं.

कडूलिंब
आमच्याकडे पडदे अजून यायचेत.

रानजाई
मैत्रिणीने दवाखान्यात फोन करून विचारलं. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, रात्री बोलावलं तर तासभर लागतो. म्हणजे तिला घ्यायचं असो वा नसो, तो तास तरी तसाच काढायचाय. नवऱ्याला आत घेणार का, याला "बघू" असं उत्तर मिळालं. उद्या ती स्वतः जाऊन पुन्हा विचारणार आहे आणि मी तिच्या बहिणीला मूठ नेमकी कुठे रोवायची ते दाखवायला जातेय.