सणाची तयारी आणि जिवाची ओढाताण: तुमचे अनुभव सांगा

दरवेळी सणाच्या आदल्या रात्री मी घरातल्या सगळ्यांवर चिडते आणि सकाळी त्याचंच वाईट वाटत राहतं. यंदा ते नको आहे. तुम्ही कसं निभावता? प्रत्यक्ष करून पाहिलेलं असेल तेच सांगा.

*

माझ्याकडे सगळी तयारी डोक्यात असायची. कुणी "मदत करू का?" म्हटलं की "राहू दे, मीच करते." समजावून सांगत बसण्यापेक्षा ते सोपं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी सण चार दिवसांवर आला असताना कंबर धरली. आडवी पडून लेकीला एकेक काम सांगत गेले, ती पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेली. ४१ कामं निघाली! नवरा यादी वाचून गप्पच झाला. त्याला वाटत होतं, असतील सात-आठ.

तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला, शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली. काम झालं की रेघ मारायची. धाकट्याने पहिली रेघ एवढी दाबून ओढली की कागद फाटला. पण संध्याकाळपर्यंत त्याने अजून तीन कामं शोधून केली.

खरं अवघड पुढे होतं. काम दिलं की दिलं. नवऱ्याने पडदे लावले, एक उलटा. माझा हात शिवशिवत होता, पण मी स्टुलावर चढले नाही. तो पडदा सण संपेपर्यंत तसाच होता.

*

वरच्या ताईंच्या यादीत एक भर. प्रत्येक कामापुढे वेळही लिहा, आणि वाटतो त्याच्या दीडपट लिहा. कामाला लागणारा वेळ आपण नेहमी कमी धरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या चुकीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल विचारलं, तर सरासरी अंदाज निघाला सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. सगळं सुरळीत होईल असं धरूनच आपण हिशेब मांडतो, मागच्या वेळी काय झालं ते विसरतो. म्हणून मी गेल्या सणाची वही आधी काढतो. 'कपाट आवरणं, एक तास' असं लिहिलेलं असतं आणि शेजारी खरा आकडा: साडेतीन.

*

आम्ही आदला दिवस मोकळा ठेवतो. राहिलं ते राहिलं.

*

मी घरात प्रत्येकाला विचारलं, "कोणती एक गोष्ट नसली तर सण वाटणार नाही?" ज्या सजावटीसाठी मी दोन रात्री जागायचे, तिचं नाव कुणीच घेतलं नाही. सासरे म्हणाले, "सूनबाई, तू दुपारी आमच्यात येऊन बसत नाहीस. तेवढं बस."

तेव्हापासून सजावट निम्मी केली. दुपारी बसते.