काइमानावाचा रानघोडा घरी आणावा का?

प्रश्न : सुमेधा, हॅमिल्टन

नमस्कार. आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ पाच एकर जागेवर राहतो. माझी चौदा वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते आहे आणि काइमानावा डोंगरांतून पकडून आणलेल्या रानघोड्यांपैकी एखादे शिंगरू आपण घ्यावे, असा तिचा हट्ट आहे. ‘काइमानावा हेरिटेज हॉर्सेस’ ही धर्मादाय संस्था या घोड्यांसाठी घरे शोधते, एवढे मला ठाऊक आहे. पण ज्या घोड्यांना या देशाचा वारसा म्हणतात त्यांना मुळात पकडतातच का, आणि घर न मिळालेल्यांचे काय होते, हे मला उमगलेले नाही. आमच्याकडे सध्या एकही घोडा नाही. कुंपण आहे तेही मेंढ्यांसाठी घातलेले, साध्या तारेचे. आमच्यासारख्यांनी अर्ज करावा का?

उत्तर १ : तौपोकर

सुमेधाताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आहे त्या स्थितीत अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही अशी एक तरुण घोडी घेतली, त्या अनुभवावरून लिहितो आहे.

हेलिकॉप्टरने हाका घालून हे कळप गोळा केले जातात. तेथून ट्रकने तुमच्या दारी उतरणाऱ्या जनावराला त्याआधी माणसाचा हात लागलेला नसतो. मेंढ्यांची तार त्याला दिसतही नाही. घाबरले तर ते सरळ तिच्यातून जाते आणि पाय चिरून घेते. म्हणून आधी माणसाच्या डोक्याइतक्या उंचीचे, भक्कम आडव्या दांड्यांचे लहान आवार बांधावे लागते. आमची घोडी पहिले कित्येक दिवस आवाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात पाठ फिरवून उभी असे. मी रोज वैरण टाकून एका बादलीवर नुसता बसून राहत असे (बायकोच्या मते माझ्या आयुष्यातली ती सर्वांत निरुद्योगी कामगिरी!). पुढे लांब बांबूच्या टोकाने तिच्या खांद्याला स्पर्श करण्याची सवय लावली, मग हाताने, आणि त्यानंतर कुठे मोरखी (तोंडाला बांधायची दोरी) चढली. पायाला हात लावू देईपर्यंत खूर साळता येत नाहीत, इंजेक्शन देता येत नाही, त्यामुळे या कामात घाई करून चालत नाही आणि ते अर्धवटही सोडता येत नाही.

शिवाय घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला एकटे ठेवणे क्रूरपणाचे आहे. शांत स्वभावाचा एखादा माणसाळलेला घोडा आधी घरात हवा. नवे जनावर त्याच्याकडे पाहूनच निम्मे शिकते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे. ज्यांना घर मिळत नाही, त्यांतले बहुतेक कत्तलखान्यात जातात. संस्थेची सारी धडपड ही संख्या शून्यावर आणण्यासाठी असते.

उत्तर २ : वनस्पतीप्रेमी, वेलिंग्टन

पकडतात का, याबद्दल थोडे लिहितो. या डोंगरांत रानघोड्यांची नोंद 1876 पासून आहे. वसाहतवाल्यांनी सोडलेली तट्टे, पळालेले शेतीचे घोडे आणि पुढे वायौरूच्या लष्करी तळावरचे घोडे, अशा अनेक रक्तांचा हा मेळ आहे. 1979 मध्ये त्यांची संख्या 174 पर्यंत घसरली होती. 1981 मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि 1994 पर्यंत ते 1,576 झाले. वायौरूच्या लष्करी सरावक्षेत्रातील मोआव्हांगो भागात अन्यत्र क्वचितच आढळणाऱ्या वनस्पती आहेत. चरण्याने आणि खुरांखाली तुडवल्याने त्यांची हानी होऊ लागली. 1996 मध्ये संरक्षण काढले गेले आणि 1997 च्या हाक्यात हजाराहून अधिक घोडे हलवण्यात आले. पुढे संवर्धन खात्याने कळप सुमारे 300 वर राखण्याचे धोरण स्वीकारले. घोड्यांवर माझा राग नाही, पण गवताळ पठारावरच्या त्या बोटभर झाडांसाठी घरे शोधणारी संस्था काढता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर ३ : तौपोकर

त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. प्रत्येक हाक्यात किती घोडे निघतील हे घरांवर अवलंबून राहू नये, यासाठी घोड्यांना गर्भनिरोधक लस टोचण्याचा मार्गही अलीकडे अवलंबला जात आहे, आणि मला तोच अधिक शहाणपणाचा वाटतो.

सुमेधाताई, एक महत्त्वाची गोष्ट राहिली. डोंगरावरच्या खरखरीत गवतावर वाढलेले हे जनावर तुमच्या हॅमिल्टनभोवतालच्या वायकाटो प्रांतात दुभत्या गायींसाठी पेरलेल्या गवतावर मोकळे सोडले, तर ते झपाट्याने लठ्ठ होते आणि खुरांच्या आत सूज येऊन कायमचे लंगडू शकते. चराई पट्ट्यापट्ट्याने मोजून द्यावी आणि बाकी भूक सुक्या वैरणीवर भागवावी. लाडाने चंदी, म्हणजे दाणा, तर मुळीच चारू नये.

सुमेधा, हॅमिल्टन

दोघांचेही आभार. घरी रात्री बरीच चर्चा झाली. थेट हाक्यातला घोडा आम्ही घेणार नाही. पूर्वी कुणी घेऊन शिकवलेले, पण आता ठेवता येत नसल्याने पुन्हा घराच्या शोधात असलेले काइमानावा घोडेही असतात, असे मुलीच्या प्रशिक्षिकेने सांगितले. तशी एखादी वयस्क घोडी मिळते का, याची संस्थेकडे चौकशी करणार आहोत. शेजारच्या बाईंचा म्हातारा घोडा सोबतीला आमच्या कुरणात येऊ शकेल. तौपोकर, आवाराच्या दांड्या तुम्ही लाकडी लावल्या की लोखंडी? आमची जमीन पावसाळ्यात फार भुसभुशीत होते.

तौपोकर

लाकडी. खांब मात्र नेहमीपेक्षा खोल पुरा, आणि फाटकाजवळ आधी खडी टाकून घ्या. पहिला चिखल तिथेच होतो.