मदत हवी आहे: बारावी मानसशास्त्र, वाचताना समजतं पण पेपरात संकल्पनांची सरमिसळ होते

निळी_वही
नमस्कार. बारावी कला, मराठी माध्यम, महाराष्ट्र बोर्ड. लेखी परीक्षेला सहा आठवडे आहेत. सराव पेपरात ८० पैकी ४६ मिळाले. पुस्तक तीनदा वाचून झालंय आणि वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण पेपरात ऋण प्रबलन आणि शिक्षा, बिने आणि टर्मन अशा जोड्या उलटसुलट होतात. मोठी उत्तरं अर्ध्यावर राहतात. पुन्हा पहिल्या पानापासून वाचू का?

शाईपेन
चौथ्यांदा वाचू नकोस. आधी तो सराव पेपर समोर घे आणि गेलेल्या ३४ गुणांपुढे तीनपैकी एक खूण कर: आठवलंच नाही, दुसऱ्याशी गोंधळ झाला, माहीत होतं पण अपुरं लिहिलं. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. सरसकट "जास्त अभ्यास" केला तर यातलं एकही नीट सुटत नाही.

"ओळखीचं वाटतं" हे तू स्वतःच लिहिलंयस, घोटाळा तिथेच आहे. स्मृतीत प्रत्यभिज्ञा म्हणजे ओळखणं आणि प्रत्यावाहन म्हणजे आधाराशिवाय आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी. योग्य पर्याय निवडायला पहिली पुरते, टीप लिहायला दुसरीच लागते. पुन्हा पुन्हा वाचल्याने पहिली वाढते आणि येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी परीक्षा सहा आठवड्यांनी आहे, तेव्हा कुठल्या गटात बसायचं ते उघड आहे.

एका वेळी एकच उपघटक घे. वीस मिनिटं वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं जे आठवेल ते लिही: व्याख्या, मुद्दे, एक उदाहरण. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भर. पुढच्या वेळी फक्त लाल भाग वाचायचा. हाच कागद दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कोरा लिही. पहिल्या दोन फेऱ्यांत कागद लालभडक होईल. घाबरून जाऊन ही पद्धत सोडू नकोस, बहुतेक जण नेमके तिथेच सोडतात.

खडूफळा
प्रबलन आणि शिक्षा यांवर बोलतो, कारण सोपे गुण इथेच वाहून जातात.

चूक "ऋण" शब्दाच्या अर्थात होते. ऋण म्हणजे वाईट नव्हे, ऋण म्हणजे वजा. कुठलंही उदाहरण आलं की ठरलेल्या क्रमाने दोन प्रश्न विचार. पहिला: ते वर्तन पुढे वाढलं की कमी झालं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. दुसरा: काही दिलं गेलं की काढून घेतलं गेलं? दिलं तर धन, काढलं तर ऋण. गाडीत पट्टा लावेपर्यंत टुंग-टुंग वाजतं, लावला की थांबतं. पट्टा लावणं वाढलं आणि त्रासदायक आवाज गेला, म्हणून ऋण प्रबलन. रात्री उशिरापर्यंत खेळतो म्हणून मोबाइल काढून घेतला आणि खेळणं कमी झालं, तर ती ऋण शिक्षा. दोन्हीत काहीतरी काढलंच गेलंय, म्हणून पहिला प्रश्न आधी.

अभिजात अभिसंधान म्हणजे पावलॉव्हचा कुत्र्यावरचा प्रयोग: घंटा आणि अन्न यांची जोडी वारंवार जमली की नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. त्याची आकृती काढताना अभिसंधानापूर्वीच्या ओळीत घंटेला "अभिसंधित उद्दीपक" लिहू नकोस. तेव्हा ती तटस्थ असते. अन्नाबरोबर जोडी जमल्यावरच तिचं नाव बदलतं. स्वतःचं उदाहरण हवं असेल तर चिंच घे. जिभेवरची आंबट चव हा अनभिसंधित उद्दीपक, म्हणजे न शिकताच प्रतिक्रिया घडवणारा. चिंच नुसती पाहून तोंडाला पाणी सुटलं तर तिचं दिसणं हा अभिसंधित उद्दीपक. ज्याने चिंच कधी चाखली नाही त्याला दिसण्याने काही होणार नाही, हे वाक्य उत्तरात लिहिलंस तर संकल्पना कळली आहे हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

बुद्धिगुणांकाच्या (आयक्यू) गणितात, म्हणजे मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले १०० मध्ये, महिन्यांची चूक फार होते. मानसिक वय ९ वर्षे ६ महिने, शारीरिक वय ८ वर्षे. पुष्कळ जण ९.६ भागिले ८ करून १२० लिहितात. सहा महिने म्हणजे अर्धं वर्ष, म्हणून ९.५. सरळ महिने करावेत: ११४ भागिले ९६, गुणिले १०० बरोबर ११८.७५, म्हणजे ११९. श्रेयाचा क्रमही यासोबतच पाठ होतो. १९०५ ला बिने आणि सिमॉन यांची चाचणी, १९१२ ला स्टर्नने मानसिक वयाला शारीरिक वयाने भागायची कल्पना मांडली, १९१६ ला टर्मनने स्टॅनफर्ड-बिने चाचणीत तो भागाकार १०० ने गुणून बुद्धिगुणांक वापरला. बिनेने बुद्धिगुणांक दिला, असं लिहू नकोस.

निळी_वही
खडूफळा सर, दोन प्रश्नांची युक्ती वापरून दहा उदाहरणं सोडवली, नऊ बरोबर आली. भावनांच्या उपपत्ती आणि विकृतींचं असंच काही आहे का? तिन्ही उपपत्ती वाचल्या की सारख्याच वाटतात.

कोरा_कागद
उदाहरण एकच ठेव, उपपत्ती बदल. रस्त्यात कुत्रं अंगावर भुंकलं. जेम्स-लँग: छाती धडधडते, तो बदल जाणवतो, म्हणून भीती. कॅनन-बार्ड: धडधड आणि भीती एकाच वेळी. शॅक्टर-सिंगर (१९६२): आधी धडधड, मग ती कशामुळे होतेय याचा परिस्थितीवरून अर्थ लावला जातो आणि त्याला भीती हे नाव मिळतं. बाणांच्या तीन ओळी एकाखाली एक काढ. फरक फक्त क्रमात आणि "अर्थ लावणे" या टप्प्यात आहे. प्रत्येक उपपत्तीला वेगळं उदाहरण घेतलं की हा फरक दिसेनासा होतो, म्हणून त्या सारख्या वाटतात.

विकृतींत लक्षणांइतकाच कालावधी महत्त्वाचा. डीएसएम-५ (मानसिक विकृतींच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, २०१३) नुसार तीव्र नैराश्याला किमान दोन आठवडे, सार्वत्रिक चिंता विकृतीला किमान सहा महिने, आघातोत्तर ताण विकृतीला एक महिन्याहून जास्त, छिन्नमनस्कतेला (स्किझोफ्रेनिया) किमान सहा महिने. नुसतं "उदास वाटणे" लिहिलं की रोजच्या मनःस्थितीत आणि विकृतीत फरक उरत नाही. कालावधी आणि दैनंदिन कामात अडथळा हे दोन्ही लिही. छिन्नमनस्कतेत आणखी एक सरमिसळ होते: कुणीच नसताना आवाज ऐकू येणं हे संवेदनाच्या पातळीवरचं, शेजारी माझ्याविरुद्ध कट करताहेत ही पुराव्याने न हलणारी समजूत विचाराच्या पातळीवरची. या दोन्हींना मराठी प्रतिशब्द निरनिराळ्या मार्गदर्शकांत निरनिराळे आहेत, तेव्हा पाठ्यपुस्तकातलाच शब्द धर.

विकृतींचं प्रकरण वाचताना प्रत्येक लक्षण आपल्यातच दिसायला लागतं. त्यात घाबरण्यासारखं नाही. पण झोप, जेवण खरंच बिघडलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

शाईपेन
मोठ्या उत्तरांचं राहिलं. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. तपासायला १० सोड, १७० मिनिटांत ८० गुण, म्हणजे गुणामागे दोन मिनिटं आणि थोडं वर. चार गुणांच्या उत्तरावर पंधरा मिनिटं गेली की शेवटचं दीर्घोत्तर अर्धवट राहणारच. घरी घड्याळ लावून एकेक उत्तर लिही. प्रश्नासोबत मुद्दे दिलेले असतील तर तेच उपशीर्षक म्हणून घे, त्याच क्रमाने. प्रत्येक मुद्द्याला व्याख्या किंवा स्पष्टीकरण दोन ओळी आणि उदाहरण एक ओळ.

"फरक स्पष्ट करा"मध्ये दोन स्तंभांत दोन स्वतंत्र टीपा उतरवू नकोस. प्रत्येक ओळीला निकष एकच हवा. उदाहरणार्थ प्रक्षेपण तंत्र आणि व्यक्तिमत्त्व शोधिका: उद्दीपक संदिग्ध की स्पष्ट, उत्तर मोकळं की ठरावीक पर्यायांतून, गुणांकन परीक्षकाच्या अर्थबोधावर की निश्चित किल्लीवर. उदाहरणांच्या ओळीत रोर्शाकची शाईडागांची चाचणी (१९२१, दहा पत्रिका) आणि समोर एमएमपीआय ही ठरावीक विधानांची प्रश्नावली.

निळी_वही
एक शेवटचं. गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता उपपत्तीत बुद्धिमत्तेचे प्रकार सात की आठ? दोन ठिकाणी दोन आकडे आहेत.

खडूफळा
दोन्ही बरोबर, काळ वेगळा. १९८३ मध्ये त्याने सात मांडल्या, निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर पुढे १९९० च्या दशकात पडली. उत्तरात पाठ्यपुस्तकातली यादी पूर्ण लिही आणि प्रत्येकीपुढे एक व्यवसाय घाल: अवकाशीयपुढे वास्तुरचनाकार, शारीरिक-स्नायूविषयकपुढे नर्तक, निसर्गविषयकपुढे वनस्पतिशास्त्रज्ञ. आंतरव्यक्ती आणि व्यक्तिअंतर्गत या दोन शेजारी ठेवून पाठ कर. पहिली दुसऱ्यांना समजून घेण्याची, दुसरी स्वतःला. अदलाबदल नेहमी याच दोघींची होते.