‘विअर्ड’ आणि आपलं ‘वर्तमान’

भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी घेऊन. परवा तिची शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची प्रत चाळताना पहिल्याच अंकात ‘विअर्ड सिस्टर्स’च्या, म्हणजे मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या तीन चेटकिणींच्या, नावाच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : विचित्र बहिणी. मी विचारलं, तर म्हणाली, “अगं मावशी, बायका असून दाढ्या आहेत त्यांना. विचित्रच नाही का?”

आजच्या इंग्रजीने पाहिलं तर तिचं काही चुकलं नाही. पण १६०६च्या सुमारास हे नाटक लिहिलं गेलं तेव्हा ‘विअर्ड’चा अर्थ विचित्र असा नव्हताच. शेक्सपिअरने ही गोष्ट होलिनशेडच्या बखरीतून घेतली, आणि त्या बखरीत या तिघींची ओळख करून देताना ‘विअर्ड सिस्टर्स, म्हणजे भवितव्याच्या देवता’ असा खुलासाच केलेला आहे. खुलासा करावा लागला, कारण तोवर दक्षिण इंग्लंडात हा शब्द जवळजवळ विस्मरणात गेला होता. टिकून होता तो स्कॉटलंडात. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, तर तो ‘वेवर्ड’, ‘वेयर्ड’ असा छापलाय. आज आपण वाचतो ते ‘विअर्ड’ अठराव्या शतकातल्या संपादकांनी दुरुस्त करून घातलेलं.

मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला, अँग्लो-सॅक्सन काळातला : ‘व्यूर्द’. स्त्रीलिंगी नाम. अर्थ : जे घडतं ते, वाट्याला येतं ते, दैव. आठव्या शतकातल्या एका लॅटिन-इंग्रजी शब्दसंग्रहात रोमनांच्या ‘पार्की’, म्हणजे आयुष्याचा धागा कातणाऱ्या तीन देवी, यांच्यापुढे याच शब्दाचं अनेकवचन दिलेलं आहे. म्हणजे मॅकबेथला माळावर भेटलेल्या तिघींची वंशावळ तेवढी जुनी.

आता मला खरं बोलायचंय ते या शब्दाच्या धातूबद्दल. ‘व्यूर्द’ हे नाम ‘वेओर्थन’ या क्रियापदाशी बांधलेलं आहे. वेओर्थन म्हणजे होणं, बनणं, घडणं. इंग्रजीने ते क्रियापद टाकून दिलं. जर्मनने ‘वेर्डन’ म्हणून सांभाळलं, जर्मन शिकणाऱ्याला ते सुरुवातीलाच भेटतं. आणि या दोघांचा धातू तोच, जो संस्कृतात ‘वृत्’ आहे. वर्तते, वर्तन, वृत्त, वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन. मुळातला अर्थ वळणं, फिरणं. वळत वळत जे समोर येतं ते ‘होणं’, हा अर्थाचा प्रवास दोन्हीकडे झाला. जुन्या मराठीत ‘मग काय वर्तले’ असं आपण म्हणतच होतो, ‘मग काय झालं’ या अर्थी. ते ‘वर्तले’ म्हणजे वेओर्थनचं सख्खं चुलत भावंड.

उत्तरेकडच्या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन पुराणात या देवतांची नावंच दिली आहेत. इग्द्रासिल या महावृक्षाखालच्या विहिरीपाशी तिघी राहतात : उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द. उर्द हे ‘व्यूर्द’चंच नॉर्स रूप. वेर्दांदी हे त्याच क्रियापदाचं कृदंत, ‘होत असलेली’. आपल्याकडे वृत् धातूचं असंच कृदंत कुठलं? वर्तमान! ती देवी चालू काळाची मानतात आणि आपल्या व्याकरणात चालू काळाला वर्तमानकाळ म्हणतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

मराठीने ‘वर्तमान’ आणखी एका अर्थाने वापरलं : बातमी. पेशवाईतल्या पत्रांत ‘तिकडील वर्तमान’ लिहून पाठवायचे, त्यावरून वर्तमानपत्र. मराठी ख्रिस्ती मंडळींचं ‘शुभवर्तमान’ही त्यातलंच. त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दाचं, ‘गॉस्पेल’चं, जुनं रूप ‘गोडस्पेल’ म्हणजे चांगली वार्ता.

घरगुती शब्दांत तर हा धातू पसरलेलाच आहे. समईची वात ही ‘वर्ति’, वळलेली म्हणून. आमची आई दुपारी कापूस पिंजून बसायची; चिमूटभर घ्यायचा, बोटांनी लांबवायचा, बोटांना किंचित दूध लावून तळहातावर एकदाच सर्रकन फिरवायचा, की वात तयार. रशियन भाषेत याच धातूपासून चातीला ‘वेरेतेनो’ म्हणतात. चाती फिरते, सूत निघतं. जुन्या इंग्रजीतल्या एका कवितेत कवी आपल्या दुःखाबद्दल म्हणतो, ‘हे मला व्यूर्दने विणून दिलं.’ दैव सूत कातणारं आणि कापड विणणारं, ही कल्पना धातूतल्या फिरण्याच्या किती जवळ राहिली आहे पाहा. आणि गोल या अर्थाचं आपलं ‘वाटोळं’ हे ‘वर्तुल’वरून. ‘वाटोळं झालं’ म्हणताना तर आपण दैवाच्या फारच जवळ असतो.

म्हणून ‘व्यूर्द’चं भाषांतर ‘नियती’ केलेलं मला पटत नाही. नियती नेमून दिलेली असते, ‘नि’ आणि ‘यम्’, आवळून बांधलेली. नशीब अरबी, त्यात वाटा आहे. दैवात देव आहे. प्रारब्धात आधीच सुरू झालेलं कर्म. लॅटिनवरून आलेलं ‘फेट’ म्हणजे ‘बोललं गेलेलं’. सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते. या सगळ्यांत कुणीतरी आधी ठरवून मोकळं झालेलं आहे. व्यूर्दमध्ये लिहिणं नाही, बोलणं नाही, फक्त होणं आहे. नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या नावावर असलेल्या, रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाच्या भाषांतरात म्हटलंय की आपण ज्याला व्यूर्द म्हणतो ते देवाचं रोज चाललेलं काम. रोज! हे एकदा लिहून ठेवलेल्या ललाटरेषेपेक्षा वेगळं आहे. मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘भवितव्य’, कारण तेही ‘भू’, होणं, या धातूवरून. त्याहून जवळ आपलं साधं ‘होणार’ : ‘होणारं चुकत नाही’ मधलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मॅकबेथमुळे शब्द लोकांना भेटला, पण चेटकिणींच्या अंगावर भेटला. त्यामुळे ‘विअर्ड’ म्हणजे त्या दिसतात तसं, अमानवी, अंगावर काटा आणणारं असा समज झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेलीसारख्या कवींनी तो त्या गूढ अर्थाने वापरला आणि तिथून घसरत तो तऱ्हेवाईकपर्यंत आला. स्कॉटलंडात मात्र ‘ड्री युअर विअर्ड’ हा वाक्प्रचार राहिला : आपला भोग भोगून संपव.

भाचीने पेन्सिलीचं खोडून ‘भवितव्याच्या बहिणी’ लिहिलं. मग तिने ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यातली ओळ विचारली, ग्रेंडेल राक्षसाशी झुंजायच्या आधी वीर बेओवुल्फ म्हणतो ती. शब्दशः ती अशी : व्यूर्द नेहमी जाते, जशी तिला जायचं तशी. मी मराठीत ‘होणारं आपल्या वाटेनं जातंच’ असं करून दिलं. ‘वाट’सुद्धा ‘वर्त्म’वरून, त्याच धातूची, हे मला नंतर रात्री आठवलं.