तुमच्या घरात अजून कुठलं नाणं चालतं?

परवा लांज्याला घरी गॅसवाला आला होता. काकूने पैसे काढता काढता मला हाक मारली, "अरे, फडताळातून जरा खुर्दा आण." गॅसवाला वीस-बावीसचा पोरगा. तो संकोचून म्हणाला, "नको काकू, आत्ताच नाश्ता झालाय." खुर्दा म्हणजे सुट्टे पैसे, पण त्याला तो चिवड्याचा भाऊ वाटला असणार.

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. चवली, पावली, अधेली म्हणजे दोन आणे, चार आणे, आठ आणे, हे मला पाठ आहे. पण चवली मी आयुष्यात पाहिलेली नाही. माझ्या हातात आले ते ॲल्युमिनियमचे दहा पैसे, वीस पैसे. चार आणेही ३० जून २०११ला चलनातून गेले. तरी आमच्या वाडीत एखाद्याला 'चार आणे कमी' असतातच.

तर लिहा. कोशातले शब्द नकोत, ते कोशात आहेत. घरात, बाजारात, जत्रेत कानावर पडलेले सांगा, आणि कोण कुणाला म्हणालं तेही.

रत्नागिरी

पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे मुंबईला नोकरीला लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पेटी आंब्याची, लाकडी फळ्यांची, आत पेंढा घातलेली, चार-पाच डझनांची. खोका पुठ्ठ्याचा, डझन-दोन डझनांचा. म्हणजे बागेत खोका पेटीपेक्षा लहान आणि मुंबईत पेटीच्या शंभर पट!

एप्रिलात ऑफिसातून घरी फोन लावला. रेंज नव्हती म्हणून ओरडून बोलत होतो, "दादा, वीस पेट्या परवाच्या गाडीत टाक. आणि साहेबांचे दोन खोके वेगळे ठेव, त्यावर नाव नको!" फोन ठेवला तर सगळा मजला माझ्याकडे बघत होता. साहेबसुद्धा.

राजापूर

तुमचे आणे गेले असतील. आमच्याकडे आणे-पै अजून चालू आहेत आणि त्यावरून भांडणंही चालू आहेत. सातबाऱ्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सामाईक जमिनीत कुणाचा किती हिस्सा, ते आणेवारीने सांगतात. अख्खी जमीन म्हणजे सोळा आणे. आण्याच्या बारा पै, म्हणून रुपयाच्या १९२ पै. आमच्या पणजोबांचे तीन मुलगे, प्रत्येकाला ५ आणे ४ पै. आजोबांच्या वाट्याचे पुढे चौघांत भाग झाले, तेव्हा बाबांच्या नावावर १ आणा ४ पै, म्हणजे १६ पै. इथवर देवाच्या दयेने भागाकार नि:शेष गेला.

बाबांच्या मागे आम्ही तिघं: दादा, ताई आणि मी. सोळाचे तीन भाग करा बघू. प्रत्येकी पाच पै, आणि एक उरते. वहिनी पडवीत सुपारी कातरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, तुमचे पाच, आमचे पाच, वन्संचे पाच. मग ती एक पै कुणाची?"

एक पै म्हटलं की हसू येतं. पण जमीन ६० गुंठे आहे. त्यातली एक पै म्हणजे साधारण ३४० चौरस फूट, आणि ताईच्या मते तेवढ्या जागेत नेमका मोठा फणस उभा आहे. फणस बरका, म्हणजे बुळबुळीत गऱ्यांचा आहे म्हणून अजून बोलणी चालू आहेत. कापा, म्हणजे करकरीत गऱ्यांचा असता तर एव्हाना कोर्टात गेलो असतो.

दापोली

भोकाचा पैसा कुणी लिहिलाच नाही? १९४३ ते १९४७ या सालांचे असतात. महायुद्धात तांबं वाचवायला सरकारने मधे भोक पाडलं. आमच्या आत्याने तो माझ्या करदोट्यात ओवला होता, नजर लागू नये म्हणून. सध्या पडवीतल्या झोपाळ्याच्या बोल्टखाली वॉशर आहे. झोपाळा कुरकुरत नाही.

मालवण

आमचं बाजारात वाण्याचं दुकान होतं. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, तेव्हा आजोबांनी पुठ्ठ्यावर तक्ता लिहून टांगला, तो मी पाहिलेला आहे: एक आणा ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आण्याचे खरे सव्वासहा होतात, मग पाव पाव पैसा कुठे तरी मुरवायला लागायचाच.

हे एका काकींनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. एकदम पावलीचं खोबरेल घेतलं तर २५ नवे पैसे. तेच आण्या-आण्याचं चार वेळा नेलं तर २४. त्या दिवसातून चार खेपा घालायला लागल्या, बाटली एकच. आजोबा वैतागले, "गे काकी, एक नवो पैसो वाचवूक चार खेपा मारतंस?" काकी म्हणाल्या, "पंख्याखाली बसूक गावता, तो फायदो येगळोच."

सरकारने 'नवे' हा शब्द १९६४ला काढून टाकला. आमच्या आजीने शेवटपर्यंत काढला नाही. मी पहिला पगार सांगितला तेव्हाही तिने विचारलं, "नव्या पैशात मां?"

बांदा

गोव्याची हद्द आमच्या दारात, त्यामुळे आमच्या पणजीच्या बटव्यात दोन राज्यांचे पैसे. तिकडचा 'रुपिया', त्याचे सोळा 'तांगा'. म्हणजे तांगा हा आपल्या आण्याचा सख्खा भाऊ, आणि तिला दोन्हीकडचा हिशेब एकाच बोटांवर जमायचा. १९५८ साली पोर्तुगीजांनी रुपियाच्या जागी एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा. ते सहाचं गणित काही तिला पटलं नाही. "सोळाचा मोडून सहा करणारे टिकायचे नाहीत," असं ती म्हणाली होती म्हणे. १९६१च्या डिसेंबरात ते गेलेच. आमच्या घरात याचं श्रेय पणजीला देतात.

गोव्यातली मावशी पैशाला अजून 'दुडू' म्हणते. तिची मुलं आमच्या घरी येऊन दुडू मागतात, आणि आमची पोरं 'ढब्बू' ऐकतात.

दाभोळ

इथे सगळे आण्यापर्यंतच थांबलेत. आमच्या बंदरात त्याच्या कितीतरी आधी 'लारी' चालायची. ट्रक नव्हे. चांदीची जाड तार मधोमध दुमडायची, चिमट्यासारखी, आणि वर ठसा मारायचा, झालं नाणं. नाव इराणातल्या लार गावावरून. आखाताच्या व्यापाऱ्यांबरोबर ती या किनाऱ्यावर आली, मग विजापूरच्या आदिलशाहीनेही आपल्या ठशाच्या लाऱ्या पाडल्या. संग्रहालयात पहिल्यांदा बघितली तेव्हा मला केसांची पिन वाटली होती. बायको म्हणाली, "हरवायलाही तशीच सोपी."

चिपळूण

सुट्टे नसले की एसटीच्या तिकिटामागे कंडक्टर परत द्यायचे '७' पेनाने लिहून देतो, ते चलनात धरायचं का? त्याला आमच्याकडे 'पाठीवरचे' म्हणतात. एकदा कंडक्टरने मला आणि एका अनोळखी आजोबांना मिळून एकच नोट दिली. "उतरल्यावर वाटून घ्या." स्टँडवर कुणी सुट्टे देईना. शेवटी आजोबांनी कांदाभजी घेतली, आणि निम्मी निम्मी खाल्ली.

कुडाळ

शिमग्यात रस्त्यावर दोरी धरून 'शबय शबय' करत पैसे मागायचो. जमलेल्या पैशालाही शबयच म्हणायचो. अर्धी शबय त्याच संध्याकाळी सोडा-लिंबूत जायची.

लांजा

धागा मीच काढला म्हणून आमचंही सांगतो.

ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालताना विड्यावर सव्वा रुपया ठेवायचा. सव्वा म्हणजे रुपया आणि पावली. पावली बंद झाल्यावर लोक तिच्या जागी आणखी एक रुपया ठेवायला लागले, पण काकूला ते मान्य नाही. दोन रुपये म्हणजे सव्वा नव्हे. तिने एक जुनी पावली जपून ठेवली होती. गाऱ्हाणं झालं की गुरवबुवा रुपया देवाकडे ठेवायचे आणि पावली तिच्या हातात परत द्यायचे, पुढच्या वेळेसाठी. चौदा वर्षं हे असंच चाललं.

यंदा बुवा आजारी, म्हणून त्यांचा मुलगा उभा होता. त्याला हा व्यवहार कुणी सांगितलेला नाही. त्याने सगळा सव्वा रुपया दानपेटीत टाकला. पेटी उघडणार थेट जत्रेनंतर, आणि काकूला गाऱ्हाणं घालायचंय येत्या सोमवारी.

कुणाकडे जादा पावली असेल तर कळवा. बदली रुपया देऊ.